उरलेली अर्धी घोंगडी

अक्का, पिंडाला कावळा शिवायला उशीर केलात तुम्ही, आणि घाटावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मेल्यावरसुद्धा मला चारचौघांत उभं करायची तुमची खोड गेली नाही. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, ते त्या दिवशी नदीकाठी उन्हात बसून पटलं.

कावळे होते की. करंजाच्या झाडावर ओळीनं बसले होते. पिंडाजवळ तुमच्या आवडीची शेंगोळी ठेवली होती, ज्वारीची भाकरी ठेवली होती, एकही खाली उतरेना. भावजी हात जोडून एकेक कबूल करत होते. "मंगलचं माहेर तुटू देणार न्हाई." कावळे गप्प. "काळी म्हैस इकत न्हाई." कावळे गप्प. "औषधं टायमावर घेतो." तुम्ही जन्मभर त्यांच्यामागं ज्याचा घोशा लावलात तेसुद्धा कबूल केलं त्या माणसानं, तरी तुमचं समाधान होईना. मग मागून कोणीतरी म्हणालं, "झाडाचं बोला. तिचा जीव त्या वडात व्हता."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कळंबात कुंडीतल्या वडाची काळजी घेऊ शकेल असं तुमच्यानंतर एकच माणूस, ते म्हणजे तुमची धाकटी जाऊ. भावजी म्हणाले, "सुमन, तू म्हन बाई." लेक तुमची, मंगल, अवसरीहून आल्यापासून रडत होती, तीसुद्धा पदर बाजूला करून माझ्याकडे बघायला लागली.

मी मोठ्यानं एवढंच म्हणाले, "झाड मी नेते." पुढचं मनात म्हणाले. नेते आणि तुम्ही माझं जसं मारलंत तसंच मारते. त्याच हौदापाशी, त्याच वैशाखात. हे पुरतं म्हणून होतंय तोच कावळा उतरला, पिंडाला चोच मारली आणि भाकरीचा तुकडा घेऊन गेला. बायकांनी डोळे पुसले. "बघा, झाडातच अडकला व्हता जीव," म्हणाल्या. मला मात्र घरी येईपर्यंत एकच कोडं पडलं होतं, की मी तुम्हाला धमकी दिली आणि तुम्ही खूश कशा झालात.

तुम्हाला आठवतंय ना आपलं सुरू कुठून झालं? बचत गटाच्या बायकांना बोन्साय शिकवायला मंचरहून एक मॅडम आल्या होत्या. बाकीच्यांनी चहा घेतला, फोटो काढले आणि विसरून गेल्या. वेड लागलं ते आपल्या दोघींना. मळ्यातल्या विहिरीच्या भिंतीत वडाची दोन रोपं उगवली होती, भावजी ती छाटायला निघाले होते, भिंत फोडतील म्हणून. आपण दोघींनी पहार घालून ती अलगद काढली. थोरली म्हणून आधी हात तुम्ही घातलात आणि सरळ खोडाचं उचललंत. वाकडं मला राहिलं. थोरली जाऊ आधी वाढून घेते, धाकटीला भांड्यातलं उरलेलं मिळतं, ही रीत मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळली होती.

तुमचं झाड प्लास्टिकच्या कुंडीत गेलं. माझं कापडाच्या पिशवीत. वाद तिथून लागला.

मॅडमनी त्या दिवशी एक पिशवी दाखवली होती, जाड, लोकरीसारख्या कापडाची. म्हणाल्या, प्लास्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला लागलं की वळतं आणि घाण्याच्या बैलासारखं आतल्या आत गोल फिरत राहतं. कापडात तसं होत नाही. मूळ काठाला येतं, त्याला वारा लागतो, टोक सुकतं आणि मागून नवीन मुळं फुटतात. तीही काठाला येतात, तीही सुकतात, पुन्हा फुटतात. अशी एक-दोन वर्षं गेली की आत जावळासारखी बारीक मुळं भरतात आणि मग झाड ताटलीएवढ्या कुंडीतसुद्धा जगतं. पिशवी माझ्या हातात आली तेव्हा मी ती चोळून पाहिली आणि मनात म्हटलं, ही तर घोंगडी.

तुम्ही काय म्हणालात? "कापडात लेकरू गुंडाळत्यात सुमन, झाड न्हाई."

आपल्या घरात घोंगडी एकच होती, सासऱ्यांची. ते मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे तेव्हाची. मेंढरं गेली, कांदा आला, सासरे गेले, पण त्यांचा एकही फोटो कोणी काढलेला नव्हता. म्हणून सर्वपित्रीला पाटावर फोटोच्या जागी ती घोंगडी घडी घालून ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्यापुढे डोकं टेकायचं, ही आपल्या घरची पद्धत. वाटण्या झाल्या, तुम्ही मळ्यात राहायला गेलात, घोंगडी गावातल्या घरी माझ्या ट्रंकेत राहिली. तिला कसर लागली होती. अर्धी चाळण झाली होती. ती चाळण झालेली अर्धी मी कापली, दुहेरी करून मशीनवर लाल दोऱ्यानं शिवली आणि वड तिच्यात लावला. सासरे असते तर हसले असते. त्यांनी त्याच घोंगडीत गुंडाळून आजारी कोकरं घाटावर चढवून आणली होती.

पण तुम्ही सर्वपित्रीला सगळ्या भावकीसमोर घोंगडी उलगडलीत. पानं वाढलेली, पुरुष ओळीनं बसलेले. अर्धी घोंगडी हातात धरून म्हणालात, "सासऱ्याला अर्धा केलास गं." त्या दिवसापासून मी घोंगडीकापी झाले. लग्नात, बारशात, दळणाच्या रांगेत, कोणीतरी विचारायचंच, "काय घोंगडीकापी, पुढं काय कापनार?" उरलेली अर्धी तुम्ही माझ्याकडून काढून घेतलीत, पांढऱ्या फडक्यात बांधलीत, गाठीवर गाठ मारलीत आणि मळ्यातल्या माळ्यावर ठेवलीत. तेव्हापासून दर सर्वपित्रीला पाटावर ते पांढरं गाठोडं यायचं. आणि तुम्ही म्हणायच्या, "सुमन, आधी तू डोकं टेक." सगळ्यांच्या आधी मी. का, ते सगळ्यांना माहीत. मी टेकवायची आणि दात आवळून उठायची.

तरीही पिशवीतला माझा वाकडा वड असा काही भरला की बघणारा थांबायचा. तुमचा सरळ वड कुंडीत नुसता उंच झाला. कुंडीच्या भोकातून एक जाड मूळ बाहेर आलं होतं, शेपटीसारखं. मी त्याच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. तुम्हाला ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं, मला ठाऊक होतं.

मग माझी आई जुन्नरला पडली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मी तिच्याजवळ जाऊन राहिले. जाताना वड तुमच्या मळ्यात आणून ठेवला. सांगून गेले होते, अक्का, पिशवी विटांवरच राहू द्या, खालून वारा लागला पाहिजे, आणि कापड लवकर सुकतं तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी. "कळतंय मला," म्हणालात.

इथं मला तुमच्या डब्याचं बोललं पाहिजे. ते टाळून पुढं गेले तर मी खोटी ठरेन. एक दिवसाआड तुम्ही एसटीनं यायच्या, नारायणगावला गाडी बदलून, मांडीवर डबा घेऊन. माझ्या आईला लागते तशी मऊ भाकरी आणि हुलग्याचं माडगं. दवाखान्यात बाकीच्या बायका विचारायच्या, ही तुमची बहीण का? आई म्हणायची, "बहिनीच्या वर हाय." आईची वेणीसुद्धा घालायच्या तुम्ही. माझ्या सख्ख्या वहिनीनं एकदा डोकावलं नाही. हे मी विसरले नाही आणि विसरणार नाही. पण डबा वेगळा आणि झाड वेगळं.

मी परत आले तेव्हा वड विटांवरच होता, जिथं ठेवला होता तिथंच. पण पानं कोमेजलेली, पिशवीचा तळ ओल्या मातीनं माखलेला. हौदापाशी गेले तर ओलीला एक गोल खळगा आणि त्यात तुटलेली मुळं, सुतळीएवढी जाड. मला सगळं कळलं. तुम्ही पिशवी विटांवरून उचलून हौदाच्या ओलीत जमिनीवर ठेवली होती. पाणी घालायची कटकट नको. पिशवी जमिनीला टेकली की मुळांना वारा कसला, ती कापडातून आरपार जमिनीत गेली. आणि मी येणार म्हटल्यावर तुम्ही ती उपटून पुन्हा विटांवर ठेवलीत, जसं काही झालंच नाही. वैशाखाचं ऊन. वड सहसा मरत नाही, तो विहिरीच्या दगडात जगतो, सिमेंटच्या फटीत जगतो. हा मेला. मी पोतं बांधून सावली केली, रोज दोनदा पाणी मारलं, तरी एकेक फांदी सुकत गेली.

मी तुम्हाला विचारलं. तुम्ही माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणालात, "सासऱ्याची घोंगडी व्हती. भोवली."

अक्का, एक वाक्य बोलला असतात तर मी गप्प बसले असते. "तुझ्या आईचा डबा करता करता पाण्याला टाइम मिळाला न्हाई." एवढंच. मी काय म्हणणार होते त्याच्यावर? माझं तोंडच बंद झालं असतं. पण तुम्हाला उपकार बोलून दाखवायचे नव्हते आणि चूक कबूल करायची नव्हती, म्हणून मधल्या मधे माझ्या झाडाला शाप लावून मोकळ्या झालात. मी मेलेला वड पिशवीतून ओढून काढला, तुमच्यादेखत पिशवी उकिरड्यावर भिरकावली आणि तेव्हाच ठरवलं, याचं उट्टं काढल्याशिवाय मरायचं नाही. मरायची घाई तुम्हीच केलीत.

त्यानंतर तुमचा वड दिसेनासा झाला. विचारलं की, "आजारी हाय, हिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं ठेवलाय." दोन पावसाळे तुम्ही तिकडं कोणाला फिरकू दिलं नाहीत. मग एके दिवशी तो बाहेर आला, पसरट कुंडीत बसलेला, बुंधा भरलेला, मुळं वरून अशी पसरलेली जणू त्याला पार बांधायचा राहिलाय. मंचरच्या मेळाव्यात बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या. कोणीतरी विचारलं, कसं केलं? तुम्ही म्हणालात, "काय न्हाई, कुंडीतच. हाताला गुन लागतो." आणि माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्यात काहीतरी होतं. तेव्हा मला तो माज वाटला.

म्हणून दशक्रियेनंतर मी तो वड घरी आणला आणि सूड घ्यायला बसले. हिशोब सोपा होता. कुंडीतून काढायचा, मळ्यात नेऊन त्याच हौदापाशी जमिनीत टेकवायचा, मुळं खाली उतरू द्यायची आणि वैशाखात हिसका देऊन उपटायचा. भावजींना सांगायचं, "भोवलं." मंगल समोर बसली होती, तिला वाटलं काकी कुंडी बदलतेय. मी कुंडीच्या कडेनं विळा फिरवला, झाड तिरकं केलं आणि गड्डा बाहेर घेतला.

आत गोल फिरणारं एकही मूळ नव्हतं. सगळी बारीक, दाट, काठापर्यंत येऊन थांबलेली. जावळ. आणि तळाला काळं काहीतरी चिकटलेलं, मुळं त्याच्यातून आरपार गेलेली. मी माती झटकली. लोकर होती. एका बाजूनं वीतभर पट्टी सुटी लोंबत होती आणि तिच्यावर सुतळीचा टाका होता, दाभणानं घातलेला, एक आड एक तिरका, शेवटी उलटी गाठ. कांद्याची पोती तुम्ही ज्या टाक्यानं शिवायच्या तो. मशीनला तुम्ही आयुष्यात हात लावला नाहीत.

मंगल म्हणाली, "काकी, हे काय हाय गं?"

मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. सासऱ्यांना अर्धं केल्याबद्दल मला भावकीत नागवलंत आणि उरलेल्या अर्ध्याची पिशवी शिवून मोटारीच्या खोलीमागं दडवलीत. तुम्हाला कळलं होतं. माझं बरोबर होतं हे माझं झाड मारतानाच कळलं असणार, ती मुळं उपटताना. पिशवीत किती मुळं भरली होती ते तुमच्या हातांना लागलं असणार. आणि तरी मेळाव्यात म्हणालात, कुंडीतच. घाटावर माझी धमकी ऐकून कावळा का उतरला तेही आता कळलं, मारायला का होईना, कुंडी मी उघडणार होते.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उरलेली अर्धी घोंगडी जर या मुळांत आहे, तर इतकी वर्षं मी डोकं कशापुढं टेकतेय? मंगलला गाडीवर बसवलं आणि मळ्यात नेलं. तिनं माळ्यावरून गाठोडं काढलं. तुमच्या गाठी सुटेनात, शेवटी दातांनी सोडवल्या.

आत माझी पिशवी होती, अक्का. उकिरड्यावर फेकलेली. धुतलेली, घडी घातलेली, घडीत कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला, तोही फार जुना नाही. मंगलनं शिवण बोटानं चाचपली. "काकी, हा तर तुझ्या मशीनचा दोरा हाय. लाल."

भावजी दारात उभे होते. त्यांनी पाहिलं, पण त्यांना काही उमगलं नाही, म्हणाले, "आबांची घोंगडी जपून ठिवली व्हती तिनं. लई जीव तिचा." मी हो म्हटलं. त्या माणसाशी भांडता येत नाही, ते कशालाही मान डोलावतात. आता भांडायचं तरी कोणाशी मी? सकाळी उठते, तुम्हाला काय सुनवायचं ते दात घासताना तयार असतं, आणि चूळ भरून टाकली की आठवतं.

तुम्ही असं का केलंत त्याचा मी पुष्कळ विचार केला. घोंगडी पिशवीला वापरल्यावर गाठोड्यात भरायला लोकर हवी होती, वास आणि वजन जुळायला हवं होतं, हे एक. तुमच्या डोक्याला साजेसंच. पण त्याला दरसाल नवा पाला कशाला? आणि मलाच आधी डोकं टेकायला का लावायच्या? माझी खोड मोडायला म्हणावं, तर आत माझंच शिवण. आणि माझ्यामागून तुम्ही स्वतः डोकं टेकायच्या, बराच वेळ. तेव्हा मला वाटायचं, सासऱ्यांची माफी मागतायत माझ्या वतीनं. तुम्ही कोणापुढं वाकत होतात, अक्का? तोंडानं एक शब्द निघाला नाही म्हणून सगळ्या भावकीला माझ्या पिशवीपुढं वाकवलंत? मला रागानं रडू येतं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा माझ्या ओट्यावर येऊन चहा घेतला असतात आणि म्हणाला असतात, "सुमन, तुझं बरुबर व्हतं." चहात आलं घातलं असतं मी.

वड मी मारला नाही. त्याच्या मुळांत सासरे आहेत, आणि माझा पुरावाही तोच आहे. पण सूड सोडला असं समजू नका.

माझी पिशवी तळाला विरली आहे. तुमच्या झाडाची ती सुटी पट्टी मी कापून घेतली, टाक्यासकट, आणि माझ्या पिशवीला ठिगळ म्हणून बाहेरून लावली. मशीननं नाही, दाभणानं. तुमच्यासारखा टाका मला येत नाही, तरी घातला. बोटाला दोनदा टोचलं, तेव्हा तुमच्या नावानं जे निघालं ते मंगलनं ऐकलं. मग वड त्या पिशवीत लावला. आता तो माझ्या ओट्यावर विटांवर आहे, खालून वारा लागतो, सकाळ-संध्याकाळ पाणी मीच घालते.

तुमचं वर्षश्राद्ध होऊ द्या. तोवर मुळं काठाला येतील. त्यानंतरच्या सर्वपित्रीला गाठोडं येणार नाही. पाटावर हा वड येईल, पिशवीसकट, ठिगळ लोकांच्या बाजूला करून. तुमचा टाका कळंबात कोण ओळखत नाही? कांद्याच्या दिवसांत निम्म्या गावाची पोती तुम्ही शिवलीत. बायका बघतील, एकमेकींकडे बघतील, कुजबुजतील. ज्यांनी मला घोंगडीकापी म्हटलं त्या सगळ्या पहिल्या ओळीत बसवणार आहे मी.

भावजी पुढं येतील, चष्मा वर करतील, विचारतील, "सुमन, हे काय गं? ही शिवन तर तिची दिसती."

मी काही सांगणार नाही. तुमच्याच आवाजात म्हणेन, "आधी डोकं टेका."